खुडूक

कोंबडी खोक्यातून उठायला तयार नव्हती. तिने अंड्यांसाठी हात आत घातला, तशी कोंबडीने अंगावरची सगळी पिसं फुलवली, घशातल्या घशात गुरगुरली आणि मनगटावर टोच मारली. रक्ताचा ठिपका आला. तिला दुखलं नाही. अलीकडे तिला काही दुखतच नव्हतं.

"मावशी, ही बघा कशी करतेय."

मावशी शेजारच्या रांगेत अंडी गोळा करत होती. या शेडमध्येच तिचे केस पिकले होते. ती आली, वाकली आणि हसली.

"अगं बाई, खुडूक बसलीय ही! माहेरपणाला आल्यासारखी पसरलीय बघ. अंडी उबवायचीत तिला. घाल, पोटाखाली हात घाल."

तिने घातला. पोटावरची पिसं झडून गेली होती. उघडी कातडी ताप आल्यासारखी गरम होती. खाली अंडी होती, तिची स्वतःची आणि दुसऱ्या कोंबड्यांचीही.

"मी पहिल्यांदाच बघतेय असं."

"बघशील कुठून? मी कामाला लागले तेव्हा रांगेरांगेत बसलेल्या असायच्या. बसली की अंडी बंद. मग मालकांचे वडील तिला काढून टाकायचे. ज्या देत राहायच्या त्यांचीच अंडी उबवायच्या मशीनमध्ये, त्यांचीच पिल्लं मोठी व्हायची. वर्षानुवर्षं तेच चाललं. कुणी कोंबडीला समजावलं नाही की बाई, बसू नकोस. बसणारीच्या पोटचं मागे राहिलंच नाही, तर बसणार कोण?"

"मग ही?"

"राहिलं असेल रक्तात कुठंतरी थोडं. येतं एखादीच्या वर."

ती कोंबडीकडे बघत राहिली. सकाळी बाळाच्या तोंडात बाटली देता देता सासू म्हणाली होती, "याला आता हीच लागलीय. तुझ्याकडे तोंडसुद्धा वळवत नाही. थोडे दिवस घरी राहून पाजशील तर दूध येईल परत. नंतर माझ्यापुढं रडायचं नाही." ती रडली नव्हती. डबा उचलून निघाली होती. पण आज रजा मागायची, एवढं तिने ठरवलं होतं.

तिच्याआधी या रांगेवर असलेल्या बाईनेही बाळासाठी रजा घेतली होती. ती पुन्हा दिसली नाही. आता शेडमध्ये ज्या राहिल्या होत्या, त्यांतल्या एकीनेही कधी रजा मागितली नव्हती.

"काय सभा भरवलीय?" मालक दारातून आत आले.

"खुडूक सापडलीय, मालक," मावशी म्हणाली.

"अजून निघते आपल्यात? कमाल आहे!" त्यांनी वाकून कौतुकाने पाहिलं. "काढा तिला. संध्याकाळच्या गाडीत जाऊ दे."

ते वळले. ती म्हणाली, "मालक, मला थोडे दिवस रजा हवी होती. बाळ अजून लहान आहे."

"घे की!" मालक हसले. माणूस वाईट नव्हता. "बाळापुढं काय असतं? आरामात राहा. इथली काळजी करू नकोस. जागा काय, लगेच भरते."

पंखे फिरत होते. कोंबडीने मान आत ओढून घेतली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "सासूबाई आहेत घरी."

"बघ बुवा. मी नाही म्हटलं नाही हं." मालक पुढच्या शेडकडे गेले.

मावशीने आपला ट्रे उचलला. "तू विचारलंस तरी," ती म्हणाली. "आम्ही तेवढंही केलं नाही." आणि आपल्या रांगेत परत गेली.

तिने दोन्ही हातांनी कोंबडी उचलली. दिसत होती त्याच्या निम्मीही भरली नाही, सगळा पिसांचाच पसारा. गाडीत जायच्या पिंजऱ्यापर्यंत नेताना तिने ती छातीशी धरली. तेवढ्या वाटेत कोंबडीचं गरम पोट तिच्या छातीला लागून राहिलं. कोंबडी आत ठेवून तिने झाकण लावलं आणि एप्रनखाली छातीशी हात घालून पाहिलं. कोरडं होतं.

मग खोक्यातली अंडी एकेक करून ट्रेमध्ये भरली.

पिंजऱ्यात कोंबडी एकदा गोल फिरली. पिसं फुलवून रिकाम्या प्लास्टिकवर अलगद बसली, आणि मान लांब करून, जिथं काहीच नव्हतं तिथून, चोचीने काहीतरी हळूहळू पोटाखाली ओढून घेऊ लागली.