धास्ती

छातीच्या एक्स-रेत गाठ शोधणारा तिचा प्रोग्राम शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर निघाला, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. तिच्या मात्र लक्षात आलं, की तो सरसकट सगळ्यांनाच निरोगी म्हणतोय. गाठ असलेले एक्स-रे मुळात इतके थोडे, की ते सगळे चुकले तरी त्याच्या मार्कांना धक्का लागत नव्हता.

तिने प्रोग्राम बदलला. गाठ नजरेतून सुटली, तर ती चूक कितीतरी पटींनी मोठी धरायची, असं त्याला शिकवलं. आता तो गाठी पकडू लागला, पण धडधाकट माणसांवरही शंका घेऊ लागला.

"लोक उगाच धास्तावतील," साहेब म्हणाले.

"धास्तावू देत. पुढच्या तपासणीत सुटतील."

प्रोग्राम हॉस्पिटलात सुरू झाला, आणि काही महिन्यांनी त्याने तिच्या आईच्याच एक्स-रेवर शंका घेतली. पुढच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत आई धड जेवली नाही की झोपली नाही. शेवटी काहीच निघालं नाही.

घरी परतताना तिला राहवलं नाही. "आई, त्याला इतकं संशयी मीच केलं गं. तुझ्या जिवाला उगाच घोर लागला."

आई म्हणाली, "तिथे माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तुझ्याच वयाची. काही त्रास नव्हता तिला, तरी तिची गाठ खरी निघाली. वेळेवर सापडली म्हणाले डॉक्टर. तू त्याला आहे तसाच राहू दे. मी घाबरले तर घाबरले."