शवासनातला पहारा

कर्वेनगरमधल्या सोसायटीच्या योगवर्गात शवासन चाललं होतं. सगळे डोळे मिटून पडले होते. फक्त हेमलताबाईंची नजर भिरभिरत होती. कधी शेजारणीकडे, कधी दाराकडे. आज त्यांचा नववा दिवस.

वर्ग संपल्यावर शिक्षिका म्हणाल्या, "अहो, शवासन म्हणजे पहारा नव्हे. डोळे मिटले तर काय बिघडणार आहे?"

हेमलताबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. "मला ऐकू येत नाही. बाकीची आसनं बघून बघून करते. पहिल्या दिवशी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सगळे उभे राहून हसत होते. तुम्हीसुद्धा."



दुसऱ्या दिवशी शवासनाच्या वेळी शिक्षिका हेमलताबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. "उठायचं झालं की मी खांद्यावर हात ठेवीन," त्या सावकाश म्हणाल्या.

हेमलताबाईंनी दोनदा डोळे किलकिले करून पाहिलं. शिक्षिका तिथंच होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी पाहिलं नाही. थोड्याच वेळात बाई चक्क घोरू लागल्या.

बाकीचे उठले, मॅट गुंडाळू लागले, गप्पा सुरू झाल्या. शिक्षिकांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.