सोबत एक माणूस

मनोरुग्ण कक्षात दाखल झालेल्या कंडक्टरकाकांच्या संतापावर काय उपाय करावा, हे सिस्टरने अन्य कोणास न विचारता प्रत्यक्ष काकांनाच विचारले. काकांनी पुष्कळ विचारांती उत्तर दिले आणि तिने ते सुवाच्य अक्षरांत उपचार-योजनेत उतरवले : ‘डोके तापले की व्हरांड्यात दहा फेऱ्या. सोबत एक माणूस. त्याने उपदेश करू नये.’

तो कागद वाचताच डॉक्टरांचा पारा चढला.

“फेऱ्या? सिस्टर, हा दवाखाना आहे की बगीचा? परवा यांनी खुर्ची भिरकावली. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर तुम्ही निस्तरणार का? सरळ सुई द्या आणि खोलीला कडी लावा.” एवढे बोलून त्यांनी फाइल टेबलावर आपटली.

काका दारातच उभे होते. आता हे उसळणार आणि आपली योजना पहिल्याच दिवशी धुळीस मिळणार, या भयाने सिस्टरने जवळची खुर्ची हळूच मागे ओढून घेतली.

काका मात्र शांतपणे आत आले आणि त्यांनी डॉक्टरांच्या कोपराला हात लावला.

“चला साहेब, पुढे चला. मी एक शब्द बोलणार नाही.”

डॉक्टर इतके चकित झाले की खरोखरच निघाले. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांचे हातवारे चालू होते. सहाव्या फेरीला हात खिशात गेले. दहावी संपल्यावर त्यांनी हलक्या आवाजात पेन मागितले आणि योजनेखाली सही केली.

काका सिस्टरच्या कानाशी वाकले.

“यांना सुईची गरज नाही. माणूस गुणाचा आहे.”