नव्या गोळीचे पंधरा दिवस

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा फिटर घरी होता. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिच्या ब्लडप्रेशरची वही मागितली होती, ती घ्यायला तो आला होता. वही सापडली होती. पायात चपलाही घातल्या होत्या.

तीन आठवड्यांनी मेहुणी आली. तिलाही प्रेशर निघालं होतं. बहिणीने घेतलेल्या दोन गोळ्यांपैकीच एक तिला सुरू करायची होती.

"भावोजी, ताईची वही दाखवा ना. कोणती लागू पडली ते तरी बघू."

फिटरने वही उघडली. डाव्या पानावर जुन्या गोळीचे पंधरा दिवस, उजव्या पानावर नवीचे पंधरा. डावीकडे आकडा एकशे चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. उजवीकडे रोज एकशे सव्वीस, एकशे अठ्ठावीस.

"शाळेत ताईला एवढे चांगले मार्क कधी पडले नव्हते," मेहुणी म्हणाली. दोघं थोडं हसले. "मग नवीच बरी."

"मशीनही घेऊन जा. इथं पडून काय करायचंय त्याला?" फिटर ते दाखवायला लागला. पट्टा दंडाला असा बांधायचा. हे बटण दाबलं की हवा भरते. हे दाबलं की मागचे आकडे दिसतात, तारखेसकट.

त्याने ते दाबलं. शेवटच्या दिवशीचा आकडा आला, एकशे बहात्तर. वहीत एकशे सव्वीस होतं. आदल्या दिवशीचा एकशे अडुसष्ट. वहीत पुन्हा सव्वीस.

"बिघडलं असेल हो."

फिटरने पुन्हा बटण दाबलं. एकेक तारीख मागे जात राहिला. नव्या गोळीचा एकही आकडा जुळला नाही. जुन्या गोळीचे पंधराच्या पंधरा जुळले.

"मशीन नीट आहे," तो म्हणाला.

"पण अक्षर तर तुमचं आहे."

"ती आत मोजायची आणि तिथूनच ओरडून सांगायची. मी इथं चहा पीत लिहायचो."

चाळीस वर्षं कारखान्यात त्याने दुसऱ्याने घेतलेलं माप कधी कागदावर चढवलं नव्हतं. साहेबाने सांगितलेलं मापही तो स्वतः पुन्हा घ्यायचा.

"ताई कशाला खोटं सांगेल?"

"जुन्या गोळीने तिला कोरडी ढास लागायची. रात्र रात्र. एकदा मी वैतागून बोललो, लेथ मशीनची घरघर परवडली, पण तुझा खोकला नको. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने गोळी बदलून आणली."

मेहुणीने वहीची दोन्ही पानं पुन्हा पाहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी जुनी घेऊ?"

"ते डॉक्टरांना विचार. तिचं माप तुला बसेलच असं नाही. पण मोजताना नवऱ्याला शेजारी बसव. आकडा त्याने डोळ्यांनी बघायचा, मग लिहायचा." त्याने मशीन स्वतःकडे ओढलं. "आणि हे उद्या ने. डॉक्टरांना अजून वाटतंय, नवी गोळी तिला मानवली होती."

त्याने चष्मा पुसला. उजव्या पानावरचा पहिला आकडा खोडून शेजारी खरा लिहिला. मग दुसरा.

मेहुणी निघाली तेव्हा सहा आकडे झाले होते. नऊ राहिले होते.