एलीम मंडळीची नोंदवही

या, माणसांनो, थोडे जवळ सरकून बसा. वर्नेटाबाईंची गोष्ट सांगते. कॉफी निवायच्या आत संपेल.

मंगळवारी दुपारी टपालात एक पाकीट आलं. त्यावर डेट्रॉईटचा पत्ता होता आणि त्या पत्त्यावर टपालखात्याने पिवळी पट्टी चिकटवून अटलांटाजवळच्या लिथोनियाचा, लेकीच्या घरचा नवा पत्ता छापला होता. निघालं होतं मात्र इथूनच, लेकीच्या घरापासून अकरा मैलांवरच्या चर्चमधून. सातशे मैल वर जाऊन ते परत खाली आलं होतं.

"मम्मा, हे तर आपल्याच चर्चचं आहे," शरीस म्हणाली. "रविवारी हातात दिलं असतं की!"

"हातात देत नाहीत. जुन्या मंडळीच्या चिटणिसाला टपालानेच पाठवायचं असतं."

"पण चिटणीस तर तूच."

"म्हणून तर इथे आलं."

बाप्टिस्ट पंथात गाव सोडलं म्हणजे नुसतं सामान हलवून भागत नाही. जुनी मंडळी, म्हणजे जुनं चर्च, पत्र देते, की ही बहीण आमच्यात नीट नांदली. नवी मंडळी तिला पदरात घेते आणि तशी चिठ्ठी परत धाडते. चिठ्ठी पोचली की जुना चिटणीस नोंदवहीतलं नाव लाल शाईने कमी करतो. डेट्रॉईटच्या एलीम मंडळीत हे काम वर्नेटाबाईंनी एकतीस वर्षं केलं. कारखाने मिटत गेले तशी माणसं दक्षिणेला परतू लागली, त्यांचे आजे जिथून निघाले होते तिथे. कोणी अटलांटाला, कोणी भोवतीच्या डिकेटर, कॉनयर्सला. प्रत्येकाचं पत्र बाईंनी लिहिलं. शरीसचंही. उरलेले एकेक करून देवाघरी गेले, पाळकसुद्धा. मग इमारत विकली गेली. लेकीने न्यायला गाडी आणली तेव्हा बाईंनी नोंदवही मांडीवर घेतली, ती इथे येईपर्यंत खाली ठेवली नाही.

इथल्या चर्चमध्ये चौदा महिने त्या सहाव्या रांगेत पाहुणी म्हणून बसल्या. पाळक तरुण आहे, पण गळा जुना आहे. दोन रविवारांपूर्वी उपदेश करता करता त्याचा आवाज सुराला कधी लागला, कळलंच नाही. तो एक ओळ टाकायचा, ऑर्गन ती झेलून परत द्यायचा. "गाठोडं या काठावर ठेवून," तो गायला, "त्या काठाला कोण पोचलंय, सांगा!" माणसं उभी राहिली, रडली, हात वर गेले. वर्नेटाबाईंना काहीच झालं नाही. आपण चालतो आहोत एवढं त्यांच्या लक्षात आलं. नव्या सभासदांसाठी पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या एकीवर त्या बसल्या. गालिचा जांभळा होता. त्यांनी पर्समधून पत्र काढून दिलं. त्यांचंच पत्र. लिहिलं त्यांनीच, सही त्यांचीच, शिक्काही त्यांनीच मारलेला.

मंगळवारच्या पाकिटात त्याच पत्राची पोच होती. भगिनी वर्नेटा पेटिग्रू यांना आम्ही सामावून घेतलं आहे.

बाईंनी चष्मा लावला. नोंदवही, पट्टी आणि लाल पेन जेवणाच्या टेबलावर मांडलं. शेवटच्या पानावर जवळजवळ सगळ्या ओळी लाल होत्या. एका ओळीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: गायकवृंदाचा झगा परत केला नाही.

शरीस भांडी टाकून खांद्यावरून वाकली. "ओडेसा मावशी! अगं, ती तो झगा अजून घालते!"

"दिसतं ना मला. दर रविवारी इथल्या गायकवृंदात, तिसऱ्या रांगेत."

शरीस हसली, आणि हसता हसता थांबली. पानावर एकच ओळ काळी उरली होती.

"मम्मा, तुझंही कमी केलंस तर एलीम…"

"हो."

"मग राहू दे ना तसंच. कोण बघणार आहे?"

"चिटणीस बघेल."

पट्टी ठेवली. रेघ सरळ आली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पत्राने'. पुढे तारीख घातली. शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर मारली.

मग त्या उठून उभ्या राहिल्या. महिन्याच्या सभेत राहायच्या तशाच, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून.

"नवे आले, कोणी नाही. देवाघरी गेले, कोणी नाही. पत्राने गेले, एक. एकूण सभासद…" त्या पानाकडे बघत राहिल्या. "कोणी नाही."

फ्रिज घरघरत होता. शरीसचे हात ओले होते. लहानपणापासून कानात बसलेलं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं: "अहवाल स्वीकारावा, अशी मी सूचना मांडते."

"तुला मांडता येत नाही. तुझं नाव मी दोन हजार सहामध्ये कमी केलंय."

"मग कोणाला येतं?"

वर्नेटाबाई खाली बसल्या. बाहेरून शाळेची पिवळी बस गेली. सारख्याच दिसणाऱ्या घरांपुढे ती थांबत थांबत गेली.

"बरं," त्या म्हणाल्या. "सूचना आली. अनुमोदन?"

शरीसने हात पुसले. सूचना जिची, अनुमोदन तिचं चालत नाही, हे तिला आईनेच शिकवलं होतं. बाईंनी वही मिटली नाही, चष्मा काढला नाही. सभेत वाट बघायच्या तशा त्या ताठ बसून राहिल्या.

तर माणसांनो, आज प्रार्थनेला बसाल तेव्हा एलीमच्या चिटणीस वर्नेटाबाईंची आठवण ठेवा. आणि जमलं तर हात वर करून एवढं म्हणा: अनुमोदन.