बियाण्याचा गड्डा

आजोबांच्या वाणाचा कोबी आता फुतोग गावात एकट्या मिलेन्कोकडेच उरला होता आणि तो त्याचं बी कुणाला देत नसे. दरवर्षी सगळ्यात देखणा गड्डा मुळासकट तळघरात जपायचा, वसंतात लावून बी धरायचं. घरात शिजायचा तो उरलासुरला.

यंदा कुलसंताच्या सणाला व्याही अख्खं गणगोत घेऊन आले. बायकोने, देसांकाने, हंडीत मांसाबरोबर शिजवलेला कोबी मिलेन्कोने तिसऱ्यांदा वाढून घेतला आणि मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला,

“व्याही, उरलासुरला असा लागतो, तर तळघरातला तो गड्डा कसा लागत असेल?”



“असाच,” देसांका हंडी खरवडत म्हणाली. “माणसं वाढली, मग तोच चिरला.”