पाटीवरचं नाव

"काका, तुम्हाला पोरगी न्हाई का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून बसवंतकाकांना विचारूनच टाकलं. कुणालाही भर घालता येते अशा मोबाईलवरच्या खुल्या नकाशात आम्ही अहमदपूरची दुकानं भरत होतो, आणि बघावं त्या पाटीवर पोराचंच नाव!

"हाय की! ही मंजुश्रीच तर दुकान बघायलीय," काका हसले. वर पाटी, 'रविकिरण किराणा'. त्यांचा रविकिरणदादा तर पुण्यात असतो.

घरी पप्पांनी विचारलं, "आपलं 'लखन मशिनरी' टाकलं का गं?" लखन माझा धाकटा भाऊ.

"न्हाई. पाटीवर असंल तेच नकाशात लिहायचं असतं. म्हणून मी ठरवलंय, पप्पा. पाटीवर माझंबी नाव येईपर्यंत आपलं दुकान नकाशात न्हाई!"